तलावाला हो म्हणणारी

दुपारचे बारा व्हायच्या थोडं आधी धुरपता हातातलं काम असेल तिथे ठेवायची. निवडत्या तांदळातला खडा समोर दिसत असला तरी तो तसाच राहायचा. ती चूळ भरायची, पदर डोक्यावर ओढायची आणि तलावाच्या पाळीवर जाऊन बसायची. एकतीस वर्षं.

करडीच्या पुढे फाट्यावरून आत गेलं की हे गाव लागतं. सावली पायाखाली आली की इथला तलाव गावातल्या कुणा एकाचं नाव घेतो. आवाज कुणाचाच नसतो. रिकाम्या घागरीत तोंड घालून बोलावं तसा असतो. ज्याचं नाव निघालं त्याने ओ द्यायची नाही. दिली, तर तो चालत पाण्यात जातो. पण आपलं नाव तीनदा ऐकून गप्प राहणं माणसाला जमत नाही. म्हणून तिसऱ्या हाकेच्या आत दुसऱ्या कुणीतरी ‘हो’ म्हणायचं, की तलाव त्या दिवसापुरता निवतो. ज्याने हे एकदा पत्करलं, त्याच्या जागी दुसरा उभा राहीपर्यंत त्याची सुटका नाही. दुसरं कोणी सहसा उभं राहत नाही.

धुरपताच्या आधी तिची सासू सत्यभामाबाई हो म्हणायची. गाव हे बाहेर बोलत नाही. सरकारी माणूस आला तर अकरालाच त्याला चहा पाजून करडीच्या रस्त्याला लावतात.

प्रत्येक हो नंतर धुरपताचं अंग जड व्हायचं. ज्याचं नाव निघालं त्याचं दिवसभराचं काम जणू तिनेच केलेलं असायचं. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत तर तिला पाळीवरून उठवत नसे. लेक कामिनीचं लग्न भंडाऱ्याला झालं, तेव्हा मुहूर्त बारा वाजून पाच मिनिटांचा होता. अक्षता पडल्या तेव्हा ती इथे बसून होती.

कामिनीला दिवस गेले तेव्हा मात्र धुरपता हटून बसली. “या बारीनं बाळंतपणाले मी जाईन. काहीबी करा.”

मंडप-भोंग्याचा धंदा करणारा तिचा पुतण्या कैलाश म्हणाला, “काकू, रोज एकच तं शब्द बोलता तुम्ही. तेवढ्यासाठी माणूस कायले लागते? मी रेकॉर्ड करून पाळीवर भोंगा लावतो. हाक आली का घरूनच कळ दाबीन.”

“तलावाले कळलं तं?”

सरपंच भोजराज हसले. “त्याले काय कळते? तो का ग्रामसेवक हाये, अंगठा मागाले?”

“ग्रामसेवकाले तरी कुठं काय कळते,” धुरपता म्हणाली, आणि मोबाइलसमोर तोंड नेऊन तिने हो म्हटलं. कैलाशने ते तीनदा म्हणून घेतलं.

भंडाऱ्यात पहिल्या दिवशी बारा वाजता ती उठून मोरीशी गेली, चूळ भरली आणि पुढे कुठे जायचं ते न कळून तिथेच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला ती झोपली. कामिनीला मुलगा झाला. नातवाच्या शेजारी आडवं होऊन धुरपता रोज दुपारी झोपायची, आणि उठली की थोडा वेळ तिला कशाचाच शीण आठवायचा नाही.

नवव्या दिवशी गावातल्या शेजारणीचा, रुखमाचा फोन आला. तिचा नवरा गोमाजी तलावात गेला होता.

“तुमचाच आवाज होता, बाई,” रुखमा म्हणाली. “‘गोमाजी भाऊ, जरा या.’ हे म्हणाले, धुरपताबाई आली वाटते भंडाऱ्याहून. ओ देऊन निघाले. मी बी नाही अडवलं. तुमचा आवाज, मी कायले अडवू?”

धुरपता संध्याकाळच्या गाडीने परतली. कैलाशने भोंगा आधीच उतरवला होता. पण तलावाने घेतलेला आवाज परत केला नाही. तेव्हापासून हाकही तिच्याच आवाजात येऊ लागली आणि होही. घराघरांत बसलेल्यांना बोलतंय कोण, ती की तलाव, ते कळेना. तिला कुणी बोल लावला नाही. फक्त तिने कुणाला वाटेत हटकलं की माणसं आधी वळून बघायची, ती खरंच उभी आहे का.

सव्वा महिन्यानंतर कामिनी बाळाला घेऊन दोन दिवसांसाठी आली. दुसऱ्या दिवशी धुरपता दारात चूळ भरत असतानाच तलावाकडून हाक आली. “कामिनी, लेकराले घेऊन ये व.”

आत बाळाला तेल लावता लावता कामिनी म्हणाली, “आली व मा—”

धुरपताने धावत जाऊन ओला हात तिच्या तोंडावर दाबला आणि तसंच दाबून धरून ती तलावाच्या दिशेने ओरडली, “हो!” बाळ दचकून रडायला लागलं. कामिनी आईकडे पाहत राहिली. शब्द अर्धाच राहिला होता.

संध्याकाळी धुरपताने कैलाशला बोलावलं. कामिनी तिथेच होती.

“उद्या इले गाडीत बसवलं का मी बोलनार नाही. कोनासंगच नाही. मंग माह्या आवाजात कोनी बलावलं तं पोरासोराले बी कळंन, ते धुरपता नव्हे.”

“त्यापरीस भंडाऱ्याले जाऊन राहा ना, काकू.”

“गोमाजी भाऊले वाटलं, मी आली. पुन्हा कोनालेबी वाटंन.”

“अन् दुपारचा हो?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. कैलाशने नजर आपल्या चपलेकडे वळवली. “तो हो आता मी म्हणतो,” तो म्हणाला. “काकू, पण घरात, हळूच बोललं तं?”

“थकली रे मी. हळू बोलाले बी ताकद लागते.”

सकाळी ती कामिनीला पोचवायला फाट्यावर गेली. एसटी लवकर आली. कामिनी पायरीवर अडून राहिली. “माय, काहीतरी बोल ना.” मागच्या माणसांनी घाई केली, कंडक्टरने बेल वाजवली. धुरपताने नातवाचं टोपडं कानावर ओढलं.

“खिडकीपाशी नको बसू,” ती म्हणाली. “लेकराले धूळ लागते.”