खिडकीतले खळगे

लेकीनं हट्टानं प्रागमधल्या एका भारी हॉटेलात आमची सोय केली होती. इमारत जुनी, भिंती हातभर जाड. सकाळी खोलीची खिडकी उघडली, तर तिच्या दगडी कठड्यावर दोन गुळगुळीत खळगे दिसले. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, सहज त्यांत कोपरं टेकली. कोपरं अगदी चपखल बसली.

मला राहवेना. खाली जाऊन रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं. ती हसून म्हणाली, "पूर्वी इथे ननांचा मठ होता. त्यांना बाहेर जायची परवानगी नसे. रस्त्याकडे उघडणारी तेवढी एकच खिडकी होती."

वर येऊन मी सुनंदाला हे सांगितलं आणि म्हटलं, "इतकी वर्षं काय बघत असतील गं त्या?"

"माणसं," ती म्हणाली. "लहानपणी मी वर्षभर अंथरुणाला खिळले होते ना, तेव्हा मीही तेच बघायचे. समोरच्या गच्चीवर एक बाई केस वाळवायला यायची. एकदा तिनं माझ्याकडे बघून हात केला. त्या दिवशी मी पोटभर जेवले."

तिचं आजारपण मला ठाऊक होतं. ही बाई ठाऊक नव्हती.

किल्ला पाहायला निघायचं होतं, पण आम्ही तिथेच उभे राहिलो. खालून लोक आपापल्या नादात चालले होते. एखाद्यानं कधीतरी मान वर करून त्या ननांना हात केला असेल का?