फरशीवरची मॅच

मी आणि बायकोनं मिळून शेवटचं काही केलं असंल, तर लसूण सोलला. ती मैदानात कधी आली नाही. फुटबॉलची मॅच बघून आलो की मी फरशीवर पाकळ्या मांडून तिला खेळ दाखवायचो. त्या दिवशी आमच्या पेठेची टीम हरली होती. समोर गोल मोकळा, आणि आमचा स्ट्रायकर चेंडू उजव्या पायावर घेत बसला. ती म्हणाली, "अहो, डावा पाय काय नुसती चप्पल घालायला दिलाय त्याला?"

त्याच आठवड्यात ती गेली.

काल मॅच सुटल्यावर कट्ट्यावर त्याच पोराचं कौतुक चाललं होतं.

"डाव्या पायानं दोन घातले, भावा. औंदा कप आपल्याच पेठेत."

"गप. परवापर्यंत त्याला शिव्या तूच घालत होतास."

"काका, तुम्ही सांगा, सुधारलाय का नाही?"

"सुधारलाय," म्हटलं आणि उठलो. मैदानात हजार माणसं असतात, तिथं काही वाटत नाही. घरी येऊन सांगायचं कुणाला, तिथं माणूस एकटा पडतो.

आज सकाळी लसूण सोलला. तिच्या पाटासमोर पाकळ्या मांडल्या, डाव्या पायाचे दोन्ही गोल करून दाखवले, आणि मग आमटीला फोडणी दिली.