रिकामी दिसणारी बाटली

देवमन वानखडे हे आमच्या जीवरसायन विभागाचे परिचर. अकोल्याच्या जठारपेठेतून सायकलने येत आणि बरोबर साडेनऊला प्रयोगशाळा उघडत. एकोणतीस वर्षांत टेबलावरचे एकही रिकामे भांडे त्यांनी धुतल्यावाचून राहू दिले नाही. २००६ च्या उन्हाळ्यात नळाला पाचव्या दिवशी पाणी येई; म्हणून साबणानंतर तीनऐवजी एकदाच खळबळावे, असा लेखी आदेश मीच काढला होता.

त्या वर्षी परतवाड्याची लुबना माझ्या मार्गदर्शनाखाली घोणस सापाच्या विषावर संशोधन करीत होती. त्या विषातील एक विकर, म्हणजे एंझाइम, स्नायू कुरतडते. त्याला नेमके चिकटून निकामी करील असे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, आम्ही हैदराबादहून घडवून एका इवल्याशा बाटलीत आणले होते.

निकाल अपेक्षेबाहेरचा आला. विकर पूर्ण थांबले. तीनदा पाहिले, तीनदा तेच. निबंध लिहून झाला, मी सही केली, नियतकालिकाला पाठवायचा लखोटा बंद झाला. लुबनाने पेढे आणले आणि देवमनना ती इवलीशी बाटली दाखवून सांगितले, की विष अडवणारा पदार्थ हिच्याच बुडाशी होता, डोळ्यांना न दिसणाऱ्या पापुद्र्यासारखा.

देवमननी पेढा खाली ठेवला.

"बाई, हे बाटली तं म्या धुतली होती."

"कधी, देवमनभाऊ?"

"तुमी फ्रीजातून काढून थंडी उतराले बेसिनपाशी ठेवली अन् चहाले गेल्या, तवा. पाह्यलं तं रिकामी. धुवून, वाळवून, झाकण लावून तिथंच ठेवली."

मग विकर थांबले कशाने? तुलनेसाठी आम्ही कोऱ्या, कधीच न धुतलेल्या नळ्या वापरल्या होत्या. तिने एक जुनी बाटली घेतली, साबणाने घासली, एकदाच खळबळली आणि तिच्यात प्रयोग लावला. वीस मिनिटांनी विकर तसेच थांबले. उरलेल्या साबणालाच आम्ही औषध ठरवले होते. एकदाच खळबळण्याचा आदेश माझाच होता.

देवमनच्या निवृत्तीला वर्ष उरले होते. गप्प राहिले असते, तर कोणालाही कळले नसते. गप्प का राहिला नाहीत, असे मी त्यांना हळूच विचारलेही.

"साहेब, उद्या घोणस डसून कोनाले पान लागलं अन् डॉक्टरनं हेच टोचलं तं?"

लुबनाने लखोटा फाडला.

दुसरी बाटली चार महिन्यांनी आली. तिच्यातील पेप्टाइडने विकराचा वेग जेमतेम पाचव्या हिश्श्याने कमी केला. लुबनाने तेवढेच लिहिले.