पाकातल्या बोरांनी वाढवलेली साखर

"तुम्हाला प्रीडायबेटिस आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे साखरेचा आजार अद्याप जडलेला नाही, परंतु उंबरठ्याशी येऊन उभा आहे.

मी वाशीच्या तहसील कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिते. शिक्षण सातवीपर्यंतच झाले, तथापि माझ्या मसुद्यात खोट काढणारा कारकून अद्याप जन्मास यावयाचा आहे. सबब मी डगमगले नाही. परंतु माझ्या आईची दृष्टी याच आजाराने गेली होती. डोळे गेल्यास अर्ज लिहिणाऱ्या बाईजवळ उरते काय?

डॉक्टरांनी रोज चालावयास सांगितले, गोड बंद केले. चहासोबतच्या फरसाणाऐवजी मूठभर बोरं खा, हंगामात जांभळं खा, म्हणाले. "मोबाईलवरची ती परदेशी निळी फळं, ब्लूबेरी की काय, शोधत बसू नका."

घरी धाकट्या जाऊबाईने कपाळाला हात लावला. "अक्का, नुसती बोरं शेरडामागच्या पोरांनी खावी. तुमी चार लोकांतल्या. तुमाला तशी कशी देऊ?" तिने ती गुळाच्या पाकात शिजवली. गोड बंद आहे, असे मी बजावले. "गूळ म्हंजी साखर व्हय? घरच्या उसाचा हाय." मलाही ते पटले. मी रोज वाटीभर खाल्ली.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी केली. ही मागील तीन महिन्यांची साखर सांगणारी रक्ततपासणी. दवाखान्याच्या बाकावर सकाळ गेली. साखर वाढली होती.

"बोरं खाल्ली?"

"रोज. पाकातली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "अहो बाई, गूळही साखरच. घरचा की कारखान्याचा, हे रक्ताला कळत नाही."

माझा संताप अनावर झाला. जमिनीच्या अर्जात चारी बाजूंच्या सीमा लिहिल्याशिवाय मी पक्षकाराची सही घेत नाही, आणि येथे माझ्या डोळ्यांचा प्रश्न असता "बोरं खा" इतक्या मोघम शब्दांत निकाल? मी हे खड्या आवाजात सुनावले. बाहेरचे रुग्ण दारात जमले.

"तुमचं खरंय," डॉक्टर म्हणाले. "नीट सांगायला हवं होतं. ताजी, धुतलेली, मूठभर, वर काही न घालता. आणि हे औषध नाही. फरसाण सोडून खायचं, फरसाण खाऊन वर नाही."

घरी येताच जाऊबाईवर कडाडले, "माझा मान राखता राखता डोळे घालवशील!"

"वाटी तर चाटून पुसून देत व्हता की, अक्का!"

वाटी मीच चाटली होती, हे खरे. त्यामुळे राग अधिकच वाढला, आणि त्या रागातच मी रोज चालू लागले. पुढील तपासणीत साखर उतरली. ती एकट्या फळांनी उतरली नाही, असे डॉक्टरांनी बजावले. डोळ्यांचे पडदेही तपासून घेतले, ते निर्दोष निघाले. डॉक्टरांचे आभार मानते, तक्रार कायम ठेवून.

भगिनींनो, आपल्याकडे मान गोडातूनच करतात. असला मान नाकारा, आणि डॉक्टरांना खोदून विचारा.

यंदा पुन्हा बोरं आली आहेत. जाऊबाई ती नुसतीच देते, पण पाहुणे असले की वर ताटली झाकते. मी ताटली काढून बाजूला ठेवते आणि सर्वांदेखत खाते.