पंचवीस मिलीमीटरची दांडी

चाळीसच्या चाळीस शाफ्ट परत आले, तेव्हा मी आधी चिडले ती कारखान्यातल्या तपासनिसावर. फवारणीचे पंप बनवणारा तो कारखाना दुसऱ्या जिल्ह्यातला, आणि संग्रामपूरच्या आमच्या लेथच्या, म्हणजे लोखंड कातून देण्याच्या दुकानाला त्यांनी दिलेलं हे पहिलंच काम. तोवर आमच्याकडे यायचं ते मोडलेलं. सोनाळ्याकडचे ट्रॅक्टर, थ्रेशर, विहिरीवरच्या मोटारी. मशिनिस्टचा कोर्स करून मी वडिलांच्या दुकानात उभी राहिले, तेव्हापासून डोक्यात एकच होतं: मोडकं जोडत बसायचं नाही, नवं घडवून द्यायचं.

शाफ्टवर जिथे बेअरिंग बसते, ती जागा तीस मिलीमीटर हवी होती. मिलीमीटरचा शंभरावा भाग जास्त झाला तर चालणार होता, कमी अजिबात नाही. तपासनीस फोनवर म्हणाला, सगळे शाफ्ट दोन शतांशांनी बारीक आहेत. त्याने मोजमापाचे फोटोही पाठवले. मी परत आलेलं पोतं सोडलं, शाफ्ट पुसले आणि माझ्या मायक्रोमीटरने एकेक मोजत गेले. तीस. तीस. तीसच्या किंचित वर. मी त्याला फोन करून ठणकावून सांगितलं की तुमचं यंत्र तपासा. तो शांतपणे म्हणाला, आमचं दर वर्षी तपासून येतं, तुमचं कधी तपासलंय?

जाड झालेला शाफ्ट पुन्हा लेथवर चढवून बारीक करता येतो. बारीक झालेल्याचं काही करता येत नाही. 

वडिलांचं मन मी या कामात आधीच दुखावलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी त्याच लेथवर काढली, पण मायक्रोमीटर लावून मोजलं नाही. दोन पायांचा कॅलिपर जिनसावरून सरकवायचा आणि बोटांना किती घट्ट लागतो त्यावरून ठरवायचं, ही त्यांची रीत. काम चालू असताना त्यांनी फळीवरची एक जुनी बेअरिंग उचलून माझ्या शाफ्टवर चढवून पाहिली होती.

"पोरी, हे ढिलं लागून राह्यलं," ते म्हणाले.

मी म्हटलं, बेअरिंगच घासलेली आहे. ते म्हणाले, एवढी नाही घासली. तेव्हा मी मायक्रोमीटर त्यांच्या डोळ्यांपुढे धरला आणि जे बोलू नये ते बोलले. "बाबा, बोटानं शंभरावा भाग समजत नसते." ते कापडाला हात पुसून चहाला निघून गेले.

आता माझ्या मायक्रोमीटरबद्दल. तो पंचवीसपासून पन्नास मिलीमीटरपर्यंत मोजतो, त्यामुळे पूर्ण बंद करून शून्य पाहता येत नाही. म्हणून डब्यात त्याच्यासोबत बरोबर पंचवीस मिलीमीटर लांबीची पोलादी दांडी येते. ती जबड्यात धरायची. पंचवीस दिसलं की यंत्र खरं. मी रोज सकाळी ते करत होते. पावसाळ्यात एकदा दांडी धरल्यावर आकडा थोडा मागे दिसला, तेव्हा डब्यातल्या छोट्या पान्याने मी तो पंचवीसवर आणून ठेवला होता. पुस्तकात तसंच लिहिलेलं आहे.

मग कोण खोटं, हे शोधायला मी निघाले. गावातल्या दुसऱ्या दुकानातून मायक्रोमीटर मागून आणला, तर त्याने तिसराच आकडा दाखवला. एका खासगी तंत्रशाळेत अचूक जाडीच्या पोलादी ठोकळ्यांचा संच आहे असं कळलं. गेले तर कपाटाची चावी ज्यांच्याकडे, ते प्रशिक्षणाला गेलेले. चार दिवसांनी पुन्हा गेले. पेटी उघडली, तर दोन ठोकळे एकमेकांना चिकटून गंजलेले, बाकीच्यांवर कुणाच्या तरी घामेजल्या बोटांचे ठसे उमटून तिथे डाग पडलेले. दाखवणारे गृहस्थ म्हणाले, खराब होऊ नयेत म्हणून आम्ही ते वापरतच नाही. मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. अख्ख्या परिसरात एक गोष्ट अशी नव्हती की जिच्याकडे बोट दाखवून म्हणावं, ही खरी.

शेवटी कुणीतरी खामगावच्या एका चाचांचं नाव सुचवलं. साचे बनवणारे म्हातारे कारागीर. शेगावला गाडी बदलून मी दुपारी त्यांच्याकडे पोहोचले. त्यांनी आधी मला हात धुवायला लावले. मग कपाटातून तेलकट कागदात गुंडाळलेले ठोकळे काढले, माझा मायक्रोमीटर आणि माझी दांडी त्यांच्याशी ताडून पाहिली, दांडीची दोन्ही टोकं उन्हाकडे धरली आणि चष्मा वर केला.

"बेटी, मायक्रोमीटर ठीक आहे तुझा. हा रॉड कमी आहे. याले कोनं घासलं?"

दांडी दोन शतांशांनी आखूड होती. म्हणजे यंत्र खोटं नव्हतं, आखूड दांडीला पंचवीस म्हणायला लावून खऱ्या यंत्राला मीच पान्याने खोटं केलं होतं; तेव्हापासून ते प्रत्येक माप दोन शतांश जास्त दाखवत होतं. आणि दांडी कोणी घासली, हे मला त्या क्षणी कळलं. आमच्या दुकानात डब्याला हात लावणारं माझ्याशिवाय एकच माणूस होतं.

परतीच्या गाडीत मी मनात सगळी भाषणं तयार केली. दुकानात शिरले आणि दांडी त्यांच्यासमोर ठेवली.

"बाबा, हे तुमी घासली?"

"हाव," ते सरळ म्हणाले. "तू मामाच्या गावाले गेल्ती. डबा उघडला तर दोन्हीकून गंज. लेथमधी धरली अन् पॉलिश पेपर लावला. काऊन?"

मी सांगितलं. दांडी काय असते, तिची लांबी का महत्त्वाची, चाळीस शाफ्ट का वाया गेले. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं ते वाईट वाटून घेतील, आणि तसं झालं असतं तर मी लगेच माफ केलं असतं. पण ते म्हणाले, "ढिलं हाय म्हनून तुले सांगतलं होतं."

त्यांनी चूक केली होती आणि ती चूक त्यांच्याच बोटांनी पकडलीही होती. मी ऐकलं असतं तर पहिल्याच शाफ्टला काम थांबलं असतं. रागवायला जागा उरली नाही आणि राग तर जात नव्हता. मी बाहेर जाऊन ओट्यावर बसले.

नवी दांडी मागवली, चाचांकडून ताडून आणली. चाळीस शाफ्ट पुन्हा केले. तपासनिसाने अडतीस घेतले, दोन ओरखड्यांसाठी परत पाठवले. ओरखडे होतेच.

आता मोजमापाच्या डब्याला कुलूप आहे. वडील त्याच्याकडे बघतही नाहीत. एवढंच असतं तर चाललं असतं, पण ते आता माझ्या कामाला हातच लावत नाहीत. परवा मी तयार शाफ्ट आणि नवी बेअरिंग त्यांच्यापुढे धरली, बसवून पाहा म्हटलं.

"तुह्या यंत्रानं पाह्यलं ना?" ते म्हणाले आणि थ्रेशरची पुली उचलून आपल्या कामाला लागले.