देवमाशाची शेपटी

आमच्या हर्सूलकडच्या कॉलनीत नळाला सहाव्या-सातव्या दिवशी पाणी सुटतं, तेही कधी सुटेल ते त्या वरच्यालाच ठाऊक. त्यामुळं गावाला गेलं तरी आमचा एक कान नळाकडंच. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. हौद कोरडा पडला की हसणारे काही बादली घेऊन येत नाहीत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, फुलंब्रीच्या शाळेत जन्मभर मास्तर. देवमासा हा मासा नव्हे, त्याला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, हे त्यांनी पोरांना घसा फोडून शिकवलं. समुद्र पोरांनी बघितला नव्हता आणि मास्तरांनीही. रिटायर झाल्यावर बघू, म्हणायचे. रिटायर झाले आणि काचबिंदूनं डोळे नेले. उजेड-अंधार तेवढा कळायचा. तरी म्हणाले, "मला मालवणला ने. तू बघ आणि मला सांग. तेवढं पुरे." मी लई वर्षं आज-उद्या करत एकदाचं नेलं.

होडी बेटांच्या कडेकडेनं चालली होती. खडकावर पांढरे पक्षी बसलेत, असं मी सांगितलं की अण्णा विचारायचे, "किती?" मी मोजत होते, तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या वहिनी. घराची किल्ली त्यांच्याकडंच होती.

"अहो, पाणी सुटलंय! तुमची मोटर पाणीच ओढंना!"

"आधी पाइपात तांब्याभर पाणी ओता! मग मीटरखालचं लाल बटन दाबा! लाल, वहिनी, लाल!" समुद्राकडं पाठ करून, दुसऱ्या कानात बोट घालून मी बोंबलत होते.

आणि होडीवाला ओरडला, "देवमासो! थंय बघा, थंय!"

अण्णांनी माझी ओढणी धरून ओढली. "सांग माय, सांग, काय दिसतंय?"

"थांबा हो अण्णा, दोन मिनिटं!" खेकसले मी. बापावर! माझ्या मागं फस्सकन मोठा श्वास सुटला, टँकरचा पाइप निसटावा तसा. थोड्या वेळानं पुन्हा एकदा. मला वाटलं, येईल की अजून वर, कुठं पळून चाललाय! तिकडं मोटर लागली, इकडं मी वळले, तर नुसतं सपाट पाणी.

"दिसला?" अण्णांनी विचारलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की खरं बोलायची माझी छाती झाली नाही. मी शाळेच्या पुस्तकातलं चित्रच सांगून टाकलं: काळीभोर पाठ, कारंजं आणि बुडताना वर काढलेली ही एवढी शेपटी. ते मान डोलवत ऐकत राहिले.

घरी आल्यावर भेटेल त्याला ते देवमासा सांगायचे. शेपटी मात्र दरवेळी गाळायचे. वयाचा विसर, दुसरं काय, असं मी धरून चालले. एकदा वहिनींना सांगत होते, तर माझ्यानं राहवलं नाही. स्वयंपाकघरातून ओरडले, "आणि शेपटी, अण्णा?"

त्यांनी विषय बदलला. वहिनी गेल्यावर मला बोलावलं.

"शेपटी त्यानं काढलीच नव्हती, बाई. उतरताना होडीवाल्याला विचारलं होतं मी."

माझे हात कणकेनं भरलेले. 

"पाठ तरी दिसली का तुला?"

"नाही, अण्णा. मी वेळेत वळलेच नाही."

खोटं बोलणाऱ्या पोराला अंगठे धरून उभं करणारा माणूस तो. वाटलं, आता माझी काही खैर नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. आज त्यांना जाऊन वर्ष होत आलं, तरी मला तेच वाटतं. पण त्यांनी चाचपडत माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

"अरेरे," म्हणाले, "मला वाटलं, शेपटी तेवढी तू पदरची लावलीस. बाकीचा तरी तुला दिसला असंल."