दुसरा घाव

माझे बाबा, लहानू, हातानेच बोलत. तोंड त्यांना भाकरीपुरतं होतं. गुढियारीतल्या आमच्या गल्लीत भांडण पेटलं की लोक आधी बघत, लहानू घरी आहे का. आईने त्यांचा मार खाल्ला, मीही खाल्ला. एकदा मी उलटून त्यांच्यावर तांब्या फेकला, तर शेजारच्या कुसुममावशी म्हणाल्या, "खाण तशी माती." मला त्याचा राग आला होता. अजूनही येतो.

उरल्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये ते सांडशीवर होते. रोलमधून लालबुंद सळई भसकन बाहेर येते. तिचं तोंड लांब दांड्याच्या सांडशीने धरायचं, वळवायचं, पुढच्या खाचेत घालायचं आणि सोडायचं. सळई खाचेत शिरली की रोल तिला ओढतो, आणि सांडशी सुटली नाही तर माणसालाही ओढतो. बाबा म्हणत, धरणारे ढिगानं मिळतात, सोडणारा पाह्यजे.

उन्हाळ्यात पाळीवरून आले की कधीकधी त्यांचा हात पाण्याच्या ग्लासभोवती तसाच अडकायचा. आई, अंजनाबाई, शेजारी बसून एकेक बोट मागे ताणून सोडवायची. ज्या हाताचा ती मार खायची तोच हात मांडीवर घेऊन. बाबा तेवढा वेळ भिंतीकडे पाहत.

मी तात्यापाऱ्यातल्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, म्हणून मला त्या हाताच्या आत काय चाललंय ते ठाऊक होतं. स्नायूत अ‍ॅक्टिनचे बारीक धागे असतात आणि मायोसिनचे जाड. मायोसिनची डोकी अ‍ॅक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे धरतात. विहिरीचा दोर आपण हातावर हात घेत ओढतो तसं. पोरांना वाटतं, ताकद फक्त ओढायला लागते. मी खेकसते, अरे, सोडायलाही लागते. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, नवा रेणू येऊन चिकटला नाही तर डोकं सुटत नाही. मेल्यावर तो मिळत नाही, म्हणून प्रेत ताठरतं. जिवंत माणसाचं दुखणं निराळं. घामातून मीठ गेलं, स्नायू थकला, की बिथरलेले मज्जातंतू 'धर, धर' एवढंच सांगत राहतात. माणूस म्हणतो सोड, आणि हात ऐकत नाही.

रोलच्या पलीकडच्या बाजूला बंडूकाका असत. कित्येक वर्षांची जोडी. त्यांनीच एक दिवस सुपरवायझरला सांगितलं, लहानूभाऊचे हात आखडून धरतात आता, त्यांना झाडूवर घ्या. जीव वाचवायला सांगितलं की जागा मिळवायला, देव जाणे. बाबांनी चहाच्या टपरीवर, सगळ्यांदेखत त्यांच्या कानाखाली आवाज काढला.

आणि दुसऱ्याच दिवशी पाळीत हात आखडला तो बंडूकाकांचा. सळई खाचेत गेली, सांडशी सुटेना, काका फरफटत रोलकडे निघाले. बाबांनी सब्बल, लोखंडी पहार, उचलली आणि त्यांच्या हातावर घातली. पहिल्या घावाला सांडशी सुटली. दुसऱ्या घावाला हाड मोडलं.

पहिल्याबद्दल कोणी बोललं नाही. गल्ली, मिल, काकांचं घर, सगळे दुसऱ्या घावाचा हिशेब मागत होते. मी बाबांना विचारलं, "सुटला होता न तो? मंग दुसरा काहून?"

"मले नाही माहीत," बाबा म्हणाले, आणि ताट तसंच टाकून उठले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मी आईला म्हटलं. तिने टाकलेलं ताट उचललं.

प्लास्टर निघालं तेव्हा काकांचा हात वाकडा बसला होता. त्याच आठवड्यात संध्याकाळी ते आमच्या दारात आले, डाव्या हातात लाठी घेऊन. आई विहारात गेली होती. बाबा नुकतेच पाळीवरून येऊन खाटेवर टेकले होते.

"हात पुढं कर, लहानू. दोन घाव माहे बाकी हायेत."

बाबांनी हात पुढे केला नाही. लाठी त्यांच्या डोक्यात बसली, रक्त डोळ्यात उतरलं, आणि ते आंधळ्यासारखे उठले. काकांचा गळा त्यांच्या उजव्या पंजात आला. त्यांनी काकांना भिंतीवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. मी ओरडत होते. काकांची लाठी पडली, तोंड काळंनिळं झालं, आणि मग बाबांचा आवाज बदलला.

"साक्षी, सुटून नाही राहिला."

डाव्या हाताने ते स्वतःचीच बोटं उपसत होते. मीही ओढली. रक्ताने निसरडी, आणि आत नुसतं लोखंड. आईसारखं एकेक बोट ताणायला वेळ नव्हता. काकांचे डोळे वर गेले होते. पाट्यावर वरवंटा होता. मी तो उचलला आणि जिवाच्या आकांताने बाबांच्या हातावर हाणला.

पंजा उघडला. काका खाली कोसळले, खोकले, श्वास आला. बाबा गुडघ्यांवर बसले.

आणि माझा हात पुन्हा वर गेला होता. तेव्हा मायोसिन आठवलं नाही. आईचा सुजलेला गाल आठवला, माझ्या पाठीवरचा पट्टा आठवला. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी जमिनीवरचा हात मागे घेतला नाही. मी मारणार होते. खरंच मारणार होते.

माझं मनगट कोणीतरी धरलं. बंडूकाका, खालून, त्या वाकड्या हाताने.

"बस, पोरी. सुटला तो." त्यांचा आवाज फाटला होता. ते बाबांकडे बघत राहिले, मग म्हणाले, "माह्या वेळी याचा हात कोणी नव्हतं धराले."

त्या हातात जोर नव्हता. पण वरवंटा मी खाली ठेवेपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.